वाळूचें घड्याळ आणि कंदील

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत आमच्या नांवें विलायतेहून एक पाकीट आलें. आमची मुलगी तेथें शिक्षणासाठीं गेली आहे, तेव्हां पाकीट तिचेंच असणार हें उघड होतें. परंतु एरवीं दूरध्वनीवर बोलणारी मुलगी टपालाचा खर्च करून कांहीं पाठवील अशी आमची अपेक्षा नव्हती. आंत पत्र नव्हतें. पत्त्यांच्या कॅटांतलें एक जाड, लांबट पान तेवढें होतें, आणि सोबतच्या चिठोऱ्यावर एकच ओळ : ‘बाबा, हें पाहून तुमची आठवण झाली.’

पानावरील चित्र असें. बर्फानें झांकलेल्या डोंगरमाथ्यावर एक वृद्ध एकटाच उभा आहे. अंगांत पायांपर्यंत पोंचणारी करड्या रंगाची कफनी, डोक्यावर तिचीच टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. डाव्या हातांत उंच काठी, उजव्या हातांत पुढें उचलून धरलेला कंदील, आणि कंदिलाच्या आंत ज्योतीच्या जागीं सहा टोकांची एक चांदणी. मान झुकलेली, दृष्टि खालीं. चित्राच्या वर रोमन आंकड्यांत नऊ आणि खालीं इंग्रजींत ‘हर्मिट’, म्हणजे विजनवासी, अशीं अक्षरें. टॅरो नांवाच्या पत्त्यांतलें हें नववें पान. हे पत्ते हल्लीं आपल्याकडेहि मिळतात आणि त्यांवरून भविष्य सांगणारांचाहि तोटा नाहीं.

भविष्यकथनाविषयीं आमचें मत पहिल्यापासून फारसें अनुकूल नाहीं. आमच्या लहानपणीं देवळाच्या वाटेवर पिंजरा घेऊन बसणारा एक ज्योतिषी असे. त्याच्या हातावर नाणें ठेवलें कीं पिंजऱ्याचें दार उघडे, पोपट डुलत डुलत बाहेर येई, ओळीनें मांडलेल्या पाकिटांतून एक चोंचीनें ओढी आणि दाणा घेऊन मुकाट्यानें परत आंत जाई. पाकीट कोणतेंहि निघो, त्यांत धनलाभ आणि प्रवासयोग हे ठरलेलेच. टॅरो म्हणजे त्या पोपटाची विलायती आवृत्ति, एवढीच आमची समजूत होती.

परंतु आमच्या मनाला लागून राहिलें तें भविष्य नव्हे. आमच्या मुलीला हें चित्र पाहून आमची आठवण कां व्हावी? ही स्तुति समजावी कीं तक्रार? हातांत दिवा घेऊन दुसऱ्यांना वाट दाखविणारा वृद्ध, असा अर्थ घ्यावा तर एका अध्यापकाला याहून मोठी पावती नाहीं. परंतु घरदार, माणसें सोडून बर्फाच्या माथ्यावर एकटा जाऊन उभा राहिलेला गृहस्थ, असा अर्थ घ्यावा तर तीहि गोष्ट आमच्या संबंधांत अगदींच खोटी म्हणतां यावयाची नाहीं. तीस वर्षें आम्हीं पुस्तकांच्या खोलींत काढलीं आहेत, आणि त्या खोलीचें दार बहुधा लोटलेलें असे. आमच्या सौभाग्यवतींस पान दाखविलें. त्यांनीं तें क्षणभर पाहिलें, ‘दाढी सोडली तर तुम्हीच,’ एवढेंच म्हणाल्या आणि त्या आंत निघून गेल्या. यावरूनहि निर्णय लागला नाहीं.

मुलीला सरळ विचारावें, हा राजमार्ग होता. परंतु ज्याचा सारा जन्म ग्रंथांत गेला तो माणूस आधीं ग्रंथांकडे वळतो. शब्दाचा अर्थ अडला कीं व्युत्पत्ति पाहावी, त्याच न्यायानें चित्राचा अर्थ अडला तर त्याचें मूळ शोधावें, असें आम्हीं ठरविलें. हें मूळ शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला तो वाचकांसहि मनोरंजक वाटेल, आणि आमच्या प्रश्नाचा निकाल त्यांतून कसा लागला अथवा लागला नाहीं हेंहि शेवटीं कळेल.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं पत्ते ही वस्तु मूळची युरोपची नव्हे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ते तेथें मुसलमानी जगांतून, विशेषतः ईजिप्तच्या मामलुक राज्यांतून, गेले असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. १३७७ सालीं फ्लॉरेन्सच्या नगरसभेनें या नव्या खेळावर निर्बंध घातला. त्या ठरावांत पत्त्यांना जें नांव आहे तें अरबी ‘नायब’ या शब्दावरून आलेलें आहे. मामलुक पत्त्यांत राजाच्या खालोखाल त्याचा नायब असे. आपल्या कचेऱ्यांतील नायब तहसीलदार आणि इटलींतील पत्ते यांचें असें दूरचें नातें आहे! इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत असा एक मामलुक कॅट जपलेला आहे. त्यांत प्याले, नाणीं, तरवारी आणि चेंडूफळीसारख्या घोड्यावरील खेळांतल्या काठ्या असे चार रंग आहेत. युरोपांतल्या लोकांना तो घोड्यावरचा खेळ ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनीं त्या काठ्यांचे साधे सोटे करून टाकले. ओळखीचें नसलेलें चित्र हातीं आलें कीं माणूस आपल्या ओळखीची वस्तु त्यांत पाहतो, याचें हें पहिलें उदाहरण. पुढें अशीं आणखी येतील.

याच पत्त्यांची दुसरी शाखा इराणच्या वाटेनें हिंदुस्थानांत गंजिफा या नांवानें आली. १५२७ सालीं बाबरानें सिंधमधील शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आपल्या सावंतवाडीस या गंजिफांनीं दशावतारांचें रूप घेतलें : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, वजीर आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें, मिळून एकशेंवीस वाटोळीं पानें. मत्स्य, कूर्म, वराह हातांत धरून आपल्या पूर्वजांनीं डाव मांडले, परंतु त्यांवरून कोणी आपलें नशीब वाचीत बसलें नाहीं. खेळणारांस तो खेळच होता. टॅरोचीहि पहिलीं तीन शतकें जवळजवळ अशींच गेलीं, हें वाचून आम्हांस आश्चर्य वाटलें.

टॅरोचा जन्म उत्तर इटलींतला, सुमारें १४४० चा. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत एका नोटरीनें आपल्या रोजनिशींत असा कॅट भेट म्हणून दिल्याचें टिपून ठेवलें आहे. नेहमींच्या चार रंगांच्या छप्पन पानांस कोणा कल्पक माणसानें बावीस चित्रांचीं पानें जोडलीं आणि एकंदर संख्या अठ्ठ्याहत्तर झाली. या जादा पानांना ‘त्रिओन्फी’ म्हणजे विजय अथवा विजययात्रा असें म्हणत. डावांत तीं इतर सर्व पानांना मारीत, म्हणजे आपल्या भाषेंत तीं कायमचीं हुकुमाचीं पानें होतीं. सम्राट्, पोप, प्रेम, दैवचक्र, मृत्यु, सूर्य, चंद्र, अशीं तीं चित्रें त्या काळच्या कोणाहि सुशिक्षित इटालियनाच्या परिचयाचीं होतीं. त्यांत गूढ कांहीं नव्हतें. मृत्यु सम्राटास आणि पोपासहि मारतो, एवढें तत्त्वज्ञान पत्ते पिसतांना सहज कळे.

मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठीं सुमारें १४५० मध्यें रंगविलेला एक कॅट आज जगप्रसिद्ध आहे. त्याचीं चौऱ्याहत्तर पानें शिल्लक असून तीं न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथें विभागलेलीं आहेत. वीतभर उंचीचीं, सोन्याच्या वर्खाचीं हीं पानें; त्यांवर ना आंकडा, ना नांव. या कॅटांत आमचा वृद्ध आहे. लांब पांढरी दाढी, पायघोळ झगा, एका हातांत काठी. परंतु दुसऱ्या हातांत कंदील नाहीं. तेथें वाळूचें घड्याळ आहे!

आम्हीं तें चित्र प्रथम पाहिलें तेव्हां बराच वेळ पुस्तक मिटवेना. हा विजनवासी नव्हेच. हा काळ आहे. पेत्रार्क कवीनें चौदाव्या शतकांत विजययात्रांवर एक दीर्घ काव्य लिहिलें. त्यांत प्रेमावर शुचितेचा जय, शुचितेवर मृत्यूचा, मृत्यूवर कीर्तीचा, कीर्तीवर काळाचा आणि काळावर शाश्वताचा, अशी सहा विजयांची चढण आहे. कवीनें काळासाठीं सूर्याची योजना केली होती. परंतु पंधराव्या शतकांतील चित्रकारांना काळ म्हणजे कुबड्यांवर चालणारा, वाळूचें घड्याळ धरणारा म्हातारा असेंच दिसलें. त्याच्या मागें आणखी एक गंमत आहे. क्रोनोस या ग्रीक देवाचें नांव आणि काळ या अर्थाचा ग्रीक शब्द यांचा उच्चार जवळजवळ सारखा, त्यामुळें दोहोंचा घोटाळा फार पूर्वींच झाला होता, आणि शेतकऱ्यांचा तो म्हातारा देव हळूहळू काळपुरुष होऊन बसला. म्हणजे आमचा वृद्ध जन्मला तोच एका गैरसमजुतींतून!

इटलींत या पानाला कोठें ‘म्हातारा’, कोठें ‘कुबडा’ म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराच्या एका लॅटिन प्रवचनांत या पानांची यादी सांपडते. प्रवचनकार ख्रिस्ती भिक्षु असून जुगाराचा कट्टा वैरी. त्याच्या मतें एकवीस हुकुमांचीं पानें म्हणजे नरकाच्या तळाशीं नेणाऱ्या शिडीच्या एकवीस पायऱ्या. दरबारांतील स्त्रीपुरुषांना जीं चित्रें विजययात्रा वाटलीं, तींच त्या भिक्षूला अधःपाताची शिडी वाटलीं. चित्रें तींच, फक्त पाहणारा बदलला.

मग घड्याळाचा कंदील झाला कसा? श्रीमंतांचे रंगविलेले कॅट थोडे. सामान्य लोकांचे पत्ते लांकडाच्या ठशांनीं छापीत. ठसे झिजत, त्यांवरून नवे ठसे कोरले जात, आणि खेळ इटलींतून फ्रान्समध्यें गेला तेव्हां कोरणारा कारागीरहि परका होता. दोन निमुळत्या कांचांचें घड्याळ एखाद्या ओबडधोबड ठशांत कंदिलासारखें दिसलें असावें, असा अभ्यासकांचा तर्क आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्यें छापलेल्या पानांत हातीं कंदील आलेला आहे. हातीं कंदील आल्यावर मालकाचेंहि नांव बदलणें ओघानेंच आलें. काळ गेला आणि त्याच्या जागीं विजनवासी आला. कोणीं मुद्दाम केलें असें नाहीं. एखाद्या कोरणाराचा हात घसरला, किंवा डोळा फसला, आणि एका दैवताचा एक माणूस झाला.

इथपर्यंत सारा खेळाचा इतिहास झाला. पत्त्यांवरून भविष्य पाहिल्याचा अठराव्या शतकापूर्वींचा ठोस पुरावा जवळजवळ नाहींच. टॅरोला गूढविद्येचा साज चढला तो पॅरिसमध्यें, १७८१ सालीं. अंत्वान कूर द जेबलँ नांवाच्या विद्वानानें प्राचीन जगाविषयींच्या आपल्या अवाढव्य ग्रंथाच्या आठव्या खंडांत असें जाहीर केलें कीं, हे पत्ते म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ असून त्यांनीं आपलें ज्ञान खेळाच्या वेषांत लपवून ठेविलें. ईजिप्तची चित्रलिपि त्या वेळीं कोणालाच वाचतां येत नव्हती. तिच्या उलगड्यास उपयोगी पडलेला रोझेटाचा शिलालेख सांपडला १७९९ सालीं, आणि शांपोलियोंनें ती लिपि उलगडली १८२२ सालीं. तोंपर्यंत ईजिप्तच्या नांवावर कांहींहि खपावें अशी स्थिति होती.

या गृहस्थानें आमच्या वृद्धाविषयीं काय लिहिलें तें पाहण्यासारखें आहे. तो म्हणतो कीं हा न्याय आणि सद्गुण यांच्या शोधांत निघालेला ज्ञानी पुरुष होय. भर दुपारीं कंदील घेऊन माणूस शोधीत फिरणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्या डायोजेनिसची जी गोष्ट प्रसिद्ध आहे, तीसुद्धां याच ईजिप्शियन चित्रावरून रचली गेली, असेंहि तो ठोकून देतो! कोरणाराच्या चुकीनें हातीं आलेल्या कंदिलावरून दोन हजार वर्षांपूर्वींच्या डायोजेनिसचा जन्म लावावा, हें पाहून आम्हांस प्रथम मनमुराद हसूं आलें.

परंतु पुढें त्याचें चरित्र वाचलें तेव्हां हसूं ओसरलें. कूर द जेबलँ हा एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा आणि स्वतःहि धर्मोपदेशक. फ्रान्समध्यें त्या काळीं प्रॉटेस्टंटांचा छळ होत असे. त्यांचीं लग्नें कायदा मानीत नसे. उघड प्रार्थना करणें हा गुन्हा होता, म्हणून ते रानावनांत जमत. तूलूजमध्यें प्रॉटेस्टंटांवर झालेल्या अन्यायाविरुद्ध या माणसानें १७६३ सालीं एक पुस्तक लिहिलें होतें. ज्याचें आयुष्य न्याय मागण्यांत गेलें त्याला कंदील धरलेला म्हातारा न्यायाच्या शोधांत निघालेला दिसला, यांत नवल तें काय? त्याचा इतिहास साफ चुकला. परंतु त्या चुकींत तो स्वतः अगदीं खरा उभा आहे.

याच्या पाठोपाठ एतेइला हें टोपण नांव घेतलेला पॅरिसचा एक धंदेवाईक भविष्यवादी आला. आडनांवाचीं अक्षरें उलट लिहून त्यानें हें नांव बनविलें होतें. त्यानें टॅरोवरून भविष्य पाहण्याची पद्धत बसविली आणि पानांचे ठरीव अर्थ छापून टाकले. त्याच्या हिशेबीं आमचा वृद्ध म्हणजे विश्वासघातकी, ढोंगी साधु! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेवी यानें बावीस पानांचा संबंध हिब्रू भाषेच्या बावीस वर्णांशीं लावला. ज्याला जें हवें होतें तें त्याला या कॅटांत मिळत गेलें.

आमच्या हातीं आलेलें पान यानंतरच्या पिढीचें. १९०९ सालीं लंडनमध्यें आर्थर एडवर्ड वेट या गूढवादी लेखकानें नवा कॅट काढण्याचें ठरविलें आणि चित्रांचें काम पामेला कोलमन स्मिथ या बाईंकडे सोंपविलें. बाईंचा जन्म १८७८ चा, लंडनचा, आईबाप अमेरिकन, बालपणाचा कांहीं काळ जमेकांत गेला, आणि तेथील लोककथांचें सचित्र पुस्तकहि त्यांनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केलें. सुप्रसिद्ध नटी एलन टेरी हिच्या नाटकमंडळीबरोबर त्या हिंडल्या. सहासात महिन्यांत त्यांनीं अठ्ठ्याहत्तर चित्रें काढलीं आणि एका पत्रांत कळविलें कीं काम मोठें झालें, पैसा मात्र फार थोडा मिळाला. जुन्या पानांत चौकट-बदामांप्रमाणें नुसते प्याले आणि तरवारी मोजून मांडलेल्या असत. बाईंनीं त्या साध्या पानांवरहि माणसें, घरें, समुद्र, रडणें-हसणें आणलें. आज जगभर टॅरो म्हणून ओळखला जातो तो मुख्यतः हा कॅट. परंतु कित्येक वर्षें त्याला नांव होतें तें प्रकाशकाचें आणि वेटचें. १९५१ सालीं कॉर्नवॉलमधील एका गांवीं बाई वारल्या तेव्हां अंगावर कर्ज होतें आणि तें फेडण्यासाठीं त्यांचें सामान विकावें लागलें. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें वेलीसारखीं गुंफलेलीं आहेत, तीं मात्र कोणीं विकूं शकलें नाहीं.

वेटनें आपल्या पुस्तकांत कूर द जेबलँचें मत खोडून काढलें आहे. हा वृद्ध शोधणारा नव्हे, पोंचलेला आहे, असें तो म्हणतो. वर पोंचून खालच्यांसाठीं तो दिवा धरून उभा आहे. परंतु याच वेटनें भविष्य सांगणारांसाठीं जी अर्थांची यादी दिली आहे तींत या पानापुढें सावधपणा लिहिला आहे, आणि लगेच पुढें फितुरी, ढोंग आणि लबाडी! वाचकांनींच सांगावें कीं यांतला कोणता अर्थ आमच्या मुलीनें आम्हांस पाठविला असावा.

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकाला येथें एलियट आठवल्याशिवाय राहणार नाहीं. १९२२ सालच्या त्याच्या ‘वेस्ट लँड’ या काव्यांत पत्ते पाहून भविष्य सांगणारी एक बाई येते. काव्याला जोडलेल्या टीपांत कवीनें प्रांजळपणें कबूल केलें आहे कीं टॅरोची नेमकी मांडणी आपल्याला ठाऊक नाहीं, आपण ती सोयीप्रमाणें बदलली आहे, आणि एका पानाचा एका पुराणकथेशीं संबंध आपण केवळ मनानें लावला आहे. आम्ही हीं टीप दरवर्षीं वर्गांत वाचून दाखवितों आणि पुढें जातों. तिच्यांत केवढा मोठा मुद्दा दडला आहे हें या पानानें आम्हांस प्रथम दाखविलें. कूर द जेबलँनें जें नकळत केलें तेंच एलियटनें जाणून केलें, आणि ‘हा अर्थ माझा आहे’ असें सांगून केलें. एकाच्या हातून खोटा इतिहास झाला, दुसऱ्याच्या हातून कविता झाली.

या साऱ्या गोंधळांत स्वच्छ प्रकाश पाडला तो मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्ववेत्त्यानें. तर्कशास्त्रांतील मोठें नांव असलेल्या या प्राध्यापकानें १९८० सालीं टॅरोच्या खेळावर सुमारें सहाशें पृष्ठांचा ग्रंथ लिहिला आणि ईजिप्त, कबाला वगैरे कथा एकामागून एक निकालांत काढल्या. टॅरो हा खेळ होता, आणि फ्रान्स-ऑस्ट्रियांत तो आजहि खेळ म्हणून खेळला जातो, हें त्यानें निर्विवाद दाखवून दिलें. आमच्यासारख्या पोपटाच्या वैऱ्याला यानें समाधान व्हावयास हवें होतें, आणि तें कांहीं काळ झालेंहि.

परंतु आमचा प्रश्न जागच्या जागींच होता. आम्ही मूळ अर्थाच्या शोधांत निघालों होतों. मूळ अर्थ सांपडला : काळ. आणि तो आमच्या मुलीच्या मनांत असणें शक्यच नव्हतें, कारण तिनें पाहिलेल्या पानांत घड्याळ नव्हतेंच! शब्दाच्या व्युत्पत्तीवरून बोलणाराचें मन कळत नाहीं, हें आम्ही विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत आलों. स्वतःवर वेळ आली तेव्हां विसरलों. चित्राच्या इतिहासानें एवढेंच सांगतां येतें कीं त्या चित्राविषयीं कोणते दावे खोटे आहेत. तें एखाद्या माणसाला काय म्हणतें हें इतिहासाच्या अधिकाराबाहेरचें आहे. यावरून तें खोटें ठरत नाहीं. फक्त त्याचा पुरावा ग्रंथांत नसून त्या माणसाच्या आयुष्यांत असतो. भविष्यवाद्याची चूक ही कीं जो अर्थ माणसाच्या गतायुष्यांतून येतो तो तो पुढें काय होणार याची बातमी म्हणून विकतो.

आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि तोंवर त्या पानांत स्वतःचा अर्थ पाहूं लागलों होतों. रात्रीं दिव्याखालीं तें पान हातांत घेतलें कीं आम्हांस कंदिलाच्या जागीं वाळूचें घड्याळ दिसे. वरच्या कांचेंत किती उरली असेल? सेवानिवृत्तीस चार वर्षें. आईबाप दोघेंहि गेलेलीं. मुलगी परदेशीं, शिक्षण संपल्यावर ती परत येईल कीं नाहीं हें तिलाहि ठाऊक नाहीं आणि आम्ही विचारीत नाहीं. भिक्षूला शिडी दिसली, कूर द जेबलँला न्याय दिसला, वेटला सिद्धि दिसली. आम्हांस आमचें छप्पन्नावें वर्ष दिसलें. जैसी दृष्टि तैसी सृष्टि ही म्हण आम्ही दुसऱ्यांवर टीका करतांना वापरीत आलों. तिची मोजपट्टी आपल्यालाहि लागते, हें येथें कळलें.

यंदाच्या उन्हाळ्यांत मुलगी महिनाभर घरीं आली. दोनचार दिवस आम्ही विषय काढला नाहीं. एका संध्याकाळीं जेवणें आटोपल्यावर पान टेबलावर ठेवलें आणि जणुं सहज म्हणून विचारलें, ‘हें पाठविलेंस, तें कां?’ इतक्या दिवसांच्या वाचनाची तयारी मनांत होतीच. ती काय म्हणेल त्यावर घड्याळाची आणि ठशांची हकीकत सांगावयाची असेंहि ठरविलें होतें.

ती म्हणाली, ‘बाबा, भारनियमन आठवतं? मी शाळेंत होतें तेव्हांचं. संध्याकाळीं शिकवणीहून यायला उशीर झाला कीं आपल्या जिन्यांत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाहीं. तुम्ही आजोबांचा कंदील घेऊन वरच्या पायरीवर उभे असायचा. रोज. मी वर आलें कीं तुम्ही कंदील खुंटीला लावून परत खोलींत जायचा.’

आम्हांस तें आठवत नव्हतें. म्हणजे भारनियमन आठवत होतें. वीस वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं दिवसांतून कित्येक तास वीज नसे, आणि वडिलांच्या वेळचा कंदील पुसूनपासून पुन्हां वापरांत आणला होता, हेंहि आठवत होतें. परंतु रोज जिन्यांत उभे राहत होतों हें ध्यानांतून पार गेलें होतें. आम्हीं विचारलें, ‘मग ही चांगली आठवण कीं वाईट?’

ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘चांगलीच. पण तुम्ही कांहीं बोलत नव्हता. या म्हाताऱ्यासारखे खालीं पाहत उभे. मला वाटायचं, रागावलेत. मी पायऱ्या मोजत वर यायची.’

‘काय बोलावयास हवें होतें?’

‘कांहीं नाहीं हो. नुसतं “सांभाळून ये” म्हटलं असतं तरी चाललं असतं.’

आम्हीं ठशांची हकीकत त्या रात्रीं सांगितली नाहीं. स्तुति कीं तक्रार, या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें : दोन्ही, आणि तें कूर द जेबलँच्या आठव्या खंडांत किंवा डमेटच्या सहाशें पृष्ठांत मिळण्यासारखें नव्हतें. नंतर खोलींत जाऊन पान पुन्हां पाहिलें. पामेला स्मिथबाईंनीं त्या वृद्धाची मान झुकलेली काढली आहे, हें आम्हीं पहिल्या दिवशींच पाहिलें होतें. त्याचें तोंड मिटलेलें आहे, इकडे लक्ष गेलें नव्हतें.

मुलगी परत निघाली ती पहाटे. विमानतळावर जाणारी गाडी खालीं येऊन उभी होती. जिन्यांत आतां विजेचा दिवा आहे आणि तो चालूहि होता. तरी आम्ही तिच्याबरोबर वरच्या पायरीपर्यंत गेलों. ती पेटी घेऊन चारपांच पायऱ्या उतरली तेव्हां आम्हीं जरा मोठ्यानेंच म्हटलें, ‘सांभाळून जा.’ तिनें मागें वळून पाहिलें, हंसली, आणि म्हणाली, ‘हो बाबा.’